प्रयोग एकाचा, पडताळा सर्वांचा

(संगणक-जाळ्यांवरील संशोधनाची फेरतपासणी सुलभ कशी होईल, ह्या विषयावरील व्याख्यान)

मुंबईहून पुण्याच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशास कळंबोली ओलांडताच नवीन पनवेलची वसाहत लागते. ह्या वसाहतीत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आवार आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात क्षणोक्षणी होणारे बदल टिपणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्यांचा अर्थ लावणे, हे ह्या संस्थेचे कार्य होय. संस्था स्वायत्त झाली १९७१ साली. तथापि तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली सुरू झालेल्या चुंबकीय निरीक्षणांपर्यंत मागे जाते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र भूचुंबकत्व हा नाही. विषय आहे संगणकांच्या जाळ्यांवर, म्हणजेच नेटवर्कवर, केल्या जाणाऱ्या संशोधनाचा. एका ठिकाणी केलेला प्रयोग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसाला, तसाच करून पाहता यावा, ह्यासाठी काय करावे लागते, हा आजचा प्रश्न आहे. तो प्रश्न नवा वाटतो, परंतु त्याचे उत्तर पनवेलच्या ह्या संस्थेच्या जुन्या वह्यांत फार पूर्वीच लिहून ठेवलेले आहे. म्हणून आरंभ तेथूनच करणे उचित ठरेल.

कुलाब्याची नोंदवही

कुलाब्याच्या वेधशाळेशी महाराष्ट्राच्या दोन थोर पुरुषांचा संबंध आला होता. एक, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे, गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे. त्या काळी उपकरणांचे वाचन डोळ्यांनीच करावे लागे. निरीक्षक तासातासाला वाचन करी व आकडा वहीत उतरवी. क्षेत्रात खळबळ दिसली की हेच वाचन पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी घेतले जाई. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी आपला नेम सोडला नाही. क्षेत्राचा काटा झपाट्याने घसरत असता ते आकडे लिहीत राहिले.

त्या आकड्यांचे खरे मोल १४४ वर्षांनी कळून आले. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली ह्या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षेत्रातील घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला होती, असे त्यातून दिसले. पुढे इतर संशोधकांनी तोच अभिलेख पुन्हा हाती घेतला. क्षणिक वाचनाऐवजी तासाची सरासरी धरली तर आकडा बराच खाली, हजाराच्या आसपास येतो, असे त्यांनी दाखविले. २०२२ साली मूळ नोंदींची पुन्हा छाननी झाली. मतभेद झाला खरा, पण तो हवेतला नव्हता. दोन्ही पक्षांसमोर वही एकच होती. कोणत्या वेळी, कोणत्या उपकरणावर, किती अंतराने वाचन घेतले हे तीत लिहिलेले होते. त्यामुळेच वाद तपासता आला आणि ज्ञान पुढे सरकले.

ह्याच परंपरेतील आणखी एक घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय वाचने बिघडणार हे उघड झाले. निरीक्षणे अलिबागला हलविण्याचा निर्णय झाला. तेथे लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळून नवी वेधशाळा उभारण्यात आली आणि १९०४ साली तिचे काम सुरू झाले. परंतु कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली. जुन्या आणि नव्या जागेतील फरक नेमका कळावा, पुढच्या पिढीला दोन्ही मालिका जोडून वाचता याव्यात, एवढ्यासाठीच हा दुहेरी खटाटोप होता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांची कुलाब्याची सामग्री १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केली, म्हणून ती आज जगात कोणालाही तपासता येते.

प्रयोगवहीतील मथळे

माध्यमिक शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला विज्ञानाची प्रयोगवही आठवत असेल. उद्दिष्ट, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे आणि शेवटी अनुमान, असा तिचा ठरलेला क्रम. ह्या मथळ्यांमागे मोठा विचार आहे. अनुमान हे प्रयोग करणाऱ्याचे असते, तर साहित्य आणि कृती ही त्याच्यावर शंका घेणाऱ्यासाठी असतात. ज्याला विश्वास वाटत नाही, त्याने तेच साहित्य घ्यावे, तीच कृती करावी आणि स्वतः पाहावे, असे ते उघड आमंत्रण असते.

ह्या वहीचा एक दोषही शिक्षकांना परिचित आहे. उत्तर आधी ठाऊक असले की काही विद्यार्थी निरीक्षणे उलट्या बाजूने भरतात. उत्तर जुळते, पण प्रयोग झालेलाच नसतो. मोठमोठ्या संशोधनातही हा धोका असतो. तेथे लबाडीपेक्षा घाई अधिक असते. अनुमान सविस्तर लिहिले जाते, आलेख सुबक काढले जातात, आणि साहित्य व कृती ह्यांना दोन-चार ओळींत निरोप दिला जातो.

संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात हे किती घडते, ह्याची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. स्टुअर्ट कुर्कोव्स्की, ट्रेसी कॅम्प आणि मायकेल कोलाग्रोसो ह्या अमेरिकी संशोधकांनी फिरत्या बिनतारी जाळ्यांवरील एका मान्यवर परिषदेतील १५१ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ११४ निबंधांत संगणकावरील प्रतिरूपाचा, म्हणजे सिम्युलेशनचा, आधार घेतलेला होता. ह्या ११४ पैकी ३४ निबंधांत, प्रतिरूपासाठी कोणती आज्ञावली वापरली, तिचे साधे नावही दिलेले नव्हते. पुन्हा करून पाहता येतील असे निबंध शेकडा १५ देखील भरले नाहीत. निबंध खोटे होते असा ह्याचा अर्थ नव्हे. ते खरे की खोटे हे ठरविण्याचा मार्गच वाचकासाठी बंद झालेला होता.

जाळ्याचा प्रयोग अवघड का?

ह्या क्षेत्राची अडचण समजण्यासाठी जाळ्याचे काम थोडक्यात पाहावे लागेल. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान तुकडे केले जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. टपालाच्या पिशव्या निरनिराळ्या ठाण्यांवरून पुढे सरकाव्यात, तशी ही पॅकेटे मार्गावरील यंत्रांमधून पुढे जातात. ठाण्यावर गर्दी झाली तर ती रांगेत थांबतात, रांग भरली तर गळून पडतात. गळलेले पॅकेट पाठविणारा संगणक पुन्हा पाठवितो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ह्या गर्दीने मोठा धडा दिला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ ह्यांच्यामध्ये अंतर सुमारे ४०० वार. त्यांच्यामधील दुव्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. गळलेली पॅकेटे सर्वजण पुन्हा पुन्हा पाठवीत राहिल्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन ह्यांनी १९८८ साली ह्यावरील उपाय मांडला. आरंभ सावकाश करावा, गर्दीची चाहूल लागताच वेग कमी करावा, हे त्याचे सूत्र. इंटरनेट आजही सुरळीत चालते, त्यात ह्या सूत्राचा वाटा फार मोठा आहे.

अशा उपायांची परीक्षा घ्यावयाची तर तोल किती नाजूक असतो हे ह्यावरून कळते. रांगेची लांबी बदलली, संगणकावरील कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली, यंत्राच्या जोडणी-कार्डातील एखादी सोय चालू राहिली, की निष्कर्ष बदलू शकतो. रात्री घेतलेले वाचन आणि सकाळी कार्यालये उघडल्यावर घेतलेले वाचन सारखे येत नाही. बिनतारी जाळ्यात तर मधे उभी असलेली भिंत, झाड किंवा चालता माणूससुद्धा प्रयोगाचा भाग बनतो. भूचुंबकत्वाच्या वेधशाळेला ट्रामची जशी बाधा होते, तशी जाळ्याच्या प्रयोगाला शेजारच्या प्रत्येक संगणकाची होते.

यादृच्छिक अंकांचीही एक बाब आहे. शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यांना पीक कापणी प्रयोग माहीत आहेत. कोणत्या शेतात आणि शेताच्या कोणत्या भागात चौकट आखावयाची हे कोणाच्या मर्जीवर सोडले जात नाही, यादृच्छिक अंकांवरून ते ठरते. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा ही पद्धत घडविण्यात मोठा वाटा आहे. जाळ्याच्या प्रतिरूपातही पॅकेटे केव्हा निघतील, कोणते गळेल हे असेच अंक ठरवितात. हे अंक एका मूळ संख्येतून निर्माण होतात, तिला ‘बीज’ म्हणतात. बीज नोंदविले नाही तर तोच प्रयोग दुसऱ्यांदा तसाच होणार नाही. आणि एकाच बीजावर विसंबून निष्कर्ष काढला तर तो योगायोग असू शकेल. म्हणून बीजे अनेक घ्यावीत आणि सर्व लिहून ठेवावीत.

लॅपटॉपमध्ये मावणारे जाळे

ह्या अडचणींवर तीन मार्ग वापरले जातात. पहिला, गणिती प्रतिरूपाचा. तेथे काळ हा संगणकाच्या हातचा असतो, त्यामुळे प्रयोग हुबेहूब पुन्हा होतो. परंतु खऱ्या यंत्राचे खाचखळगे त्यात येत नाहीत. दुसरा मार्ग खऱ्या यंत्रांच्या सामायिक प्रयोगशाळेचा. तो सत्याच्या सर्वांत जवळचा, पण खर्चाचा, आणि आज मिळालेली यंत्रे उद्या मिळतीलच असे नाही. तिसरा मार्ग ह्या दोहोंच्या मधला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅकेऑन ह्यांनी २०१० साली ‘मिनिनेट’ नावाची आज्ञावली जगापुढे ठेवली. एका लॅपटॉपमध्येच ती संपूर्ण जाळे उभे करते. लिनक्स कार्यप्रणालीच्या साहाय्याने एकाच यंत्राचे अनेक कप्पे पाडले जातात, प्रत्येक कप्पा स्वतंत्र संगणकासारखा वागतो, आणि कल्पित तारांनी हे कप्पे एकमेकांना जोडले जातात. त्यांत धावणारी पॅकेटे व आज्ञावल्या मात्र खऱ्याच असतात. २०१२ साली निखिल हंडिगोळ आणि विमलकुमार जयकुमार ह्यांच्यासह ह्याच गटाने त्यात मोलाची भर घातली. प्रत्येक कप्प्याला प्रक्रियाशक्तीचा ठराविक वाटा आणि प्रत्येक तारेला ठराविक वेग नेमून देण्यात आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पॅकेटे वेळेवर सुटली की यंत्राची दमछाक झाली, ह्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली. यंत्र थकले असेल तर निष्कर्ष बाद. स्वतःच्या चुकीची स्वतःच नोंद करणारी ही वही होय.

ह्या साधनाच्या मर्यादाही आहेत. मोठ्या माहिती-केंद्राचा वेग लॅपटॉपला पेलत नाही. तेथे वेग प्रमाणात कमी करून प्रयोग करावा लागतो आणि तसे स्पष्ट लिहावे लागते. परंतु लाभ मोठा आहे. जाळ्याची रचना, आज्ञावली आणि आलेख काढण्याची पद्धत असा सर्व प्रयोग एकत्र बांधून दुसऱ्याकडे पाठविता येतो, आणि दुसरा तो एका आज्ञेसरशी चालवू शकतो.

शिकणाऱ्यांच्या हातून पडताळणी

स्टॅनफर्डमध्ये ह्या साधनाचा शिक्षणासाठी केलेला उपयोग आपल्याकडील शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध निवडून त्यातील निष्कर्ष स्वतः पुन्हा काढण्याचे काम दिले जाऊ लागले. लिसा यान आणि निक मॅकेऑन ह्यांनी २०१७ साली ह्याचा आढावा घेतला. पाच वर्षांत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी चाळीसहून अधिक निबंधांवर असे काम केले होते. निष्कर्ष जुळला तर निबंध बळकट होतो. जुळला नाही तर का जुळला नाही हे शोधताना विद्यार्थी विषयाच्या गाभ्याशी पोहोचतो. दोन्ही परींनी लाभच आहे.

नवीन पनवेल-खारघरच्या पट्ट्यात अभियांत्रिकी शिक्षणाची चांगली सोय आहे. अंतिम वर्षाच्या प्रत्येक गटाने काही तरी ‘नवे’ केलेच पाहिजे, असा आग्रह आपल्या महाविद्यालयांत दिसतो, आणि त्यातून मागील वर्षाचे प्रकल्प नाव बदलून पुढे येतात. त्याऐवजी प्रसिद्ध झालेल्या एका निष्कर्षाची प्रामाणिक फेरतपासणी हाच प्रकल्प मानला, तर एका साध्या लॅपटॉपवर खरे संशोधन होऊ शकेल. ‘जुळले नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत, एवढी हमी मात्र शिक्षकाने द्यावयास हवी.

संगणकशास्त्राच्या जागतिक संघटनेनेही, म्हणजे एसीएमने, २०१६ पासून तपासून पाहिलेल्या निबंधांवर तशी मुद्रा उमटविण्याची पद्धत सुरू केली. तिने तीन पायऱ्या मानल्या आहेत. त्याच संशोधकांना त्याच साधनांनी तेच उत्तर पुन्हा मिळणे, ही पहिली. दुसऱ्यांना त्याच साधनांनी ते मिळणे, ही दुसरी. दुसऱ्यांनी आपली स्वतंत्र साधने उभारूनही ते मिळणे, ही तिसरी. ह्यांतील शेवटच्या दोन पायऱ्यांची नावे संघटनेला २०२० साली आपसांत बदलावी लागली. इतर शास्त्रांत ती उलट अर्थाने वापरली जात होती. पडताळणीची भाषासुद्धा पडताळून घ्यावी लागते, असाच ह्याचा बोध.

गावातील प्रयोग

हा सर्व विचार विद्यापीठांपुरता आहे, असे पंचायतीच्या सदस्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जाळ्याचे प्रयोग आता गावांतही होतात. पालघर परिसरात खामलोली व आसपासच्या सात गावांत मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाखाली असा प्रयोग केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण तेथे वापरात नसलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ ह्या लहरींवरून गावात इंटरनेट पोहोचविण्याचा तो प्रयत्न होता. ह्या लहरी झाडी आणि उंचसखल भूमीतून तुलनेने चांगल्या जातात, ही त्यामागील कल्पना. २०१७ साली ह्या प्रकल्पास मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

असा प्रयोग रायगडच्या डोंगराळ भागात पुन्हा करावयाचा झाल्यास केवळ ‘तेथे यशस्वी झाला’ एवढे वाक्य पुरणार नाही. अँटेनाची उंची किती होती, मधे झाडी कोणती होती, वाचने उन्हाळ्यात घेतली की भर पावसाळ्यात, वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकली, एकाच वेळी किती जण जोडलेले होते, हे सर्व कळले तरच दुसरे गाव त्याचा लाभ घेऊ शकते. नाही तर प्रत्येक गाव त्याच चुका नव्याने करील आणि त्यांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होईल.

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या तारांनी जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली; आज ती ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाते. गावात जोडणी आली की वेग मोजला जातो आणि कागदावर एक आकडा लिहिला जातो. त्या आकड्याबाबत पंचायतीने चार साधे प्रश्न विचारावेत. कोणत्या यंत्राने मोजला? कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी? किती वेळा मोजला, आणि सर्वांत कमी किती आला? ते मोजमाप पंचायतीचा सेवक उद्या स्वतः करू शकेल काय? उद्घाटनाच्या दिवशी, एकच संगणक जोडलेला असताना मिळालेला वेग म्हणजे प्रयोग नव्हे. जमिनीची मोजणी मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येते, आणि ती शक्य व्हावी म्हणून हद्दीच्या खुणा कायम ठेवाव्या लागतात. जाळ्याच्या मोजणीलाही अशा खुणा हव्यात.

अडचणी आणि कर्तव्य

ह्या मार्गातील अडचणी नाकारण्यात अर्थ नाही. फेरतपासणीला वेळ लागतो. मान मात्र नव्या शोधाला मिळतो, जुन्याची खात्री करणाऱ्याला नाही. आज्ञावल्यांच्या आवृत्त्या झपाट्याने बदलतात. पाच वर्षांपूर्वीचा प्रयोग आजच्या संगणकावर सुरूच होत नाही, असे वारंवार घडते. शिवाय खऱ्या जाळ्यावरील रहदारीत नागरिकांची खाजगी माहिती असते. ती सरसकट उघड करणे योग्यही नाही आणि कायद्याला धरूनही नाही. अशा वेळी मूळ सामग्री राखून ठेवून, ती कशी गोळा केली ह्याची पद्धत तरी संपूर्ण प्रसिद्ध करावी.

बाकीचे काम शिस्तीचे आहे. वापरलेल्या प्रत्येक साधनाचे नाव आणि आवृत्ती लिहावी. मूळ वाचने जपावीत. केवळ सरासरी आणि आलेख ठेवून ती टाकून देऊ नयेत. प्रयोग अनेकदा करून वाचनांतील चढउतारही सांगावा. साधन बदलावे लागले तर काही काळ जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवावे. आणि प्रसिद्धीपूर्वी, प्रयोगात भाग न घेतलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाती केवळ लिखित सूचना देऊन तो प्रयोग करवून पाहावा. ती जेथे अडेल तेथे लिखाण अपुरे आहे असे समजावे. ह्यांतील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही.

१८५९ च्या त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांपुढे उत्तर नव्हते. काटा का घसरत आहे हे त्यांना पुरते उमगणे शक्य नव्हते. त्यांनी वेळ लिहिली, आकडा लिहिला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच केले. अनुमान काढणारे पुढे आले आणि आजही येत आहेत. पनवेल परिसरातील एखाद्या महाविद्यालयात जाळ्याचा प्रयोग मांडणाऱ्या विद्यार्थ्याने आणि गावातील वेग मोजणाऱ्या ग्रामसेवकाने ह्या निरीक्षकांची वही डोळ्यांपुढे ठेवावी. दुसऱ्या कोणाला तरी तो प्रयोग करता आला, म्हणजेच तो पुरा झाला असे मानावे.